तीन आठवडे झाले, एका बुशच्या (धातूच्या छोट्या नळीच्या) दिशेवर डोकं अडकलंय. डिझाईनवाल्यांनो, अडकल्यावर तुम्ही काय करता?

भोसरीचा_डिझायनर

नमस्कार मंडळी, थोडं लांबलचक आहे पण पूर्ण वाचा प्लीज.

मी भोसरीत एका छोट्या एसपीएम (एकाच कामासाठीची खास मशिन्स) बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये डिझाईनला आहे, सात वर्षं झाली. आत्तापर्यंत ड्रिलिंग, लीक टेस्टिंग, रिव्हेटिंग अशी बरीच मशिन्स काढली, कुठे ना कुठे मार्ग निघायचाच. या वेळी मात्र पार ठप्प झालोय.

काम असं आहे. एका लिव्हरमध्ये दोन बुश प्रेस करायचे. बुश एकदम साधा, बाहेरून १८, आतून १२, लांबी २२ एमएम. लिव्हरची जाडी २४, म्हणजे बुश दोन्ही बाजूंनी एकेक एमएम आत बसतो. बुशच्या एका टोकाला आत शिरायला सोपं जावं म्हणून दीड एमएम लांबीचा १५ डिग्रीचा चॅम्फर, म्हणजे उतार, आहे, दुसऱ्या टोकाची नुसती धार मारलीय, ०.३ बाय ४५ डिग्री. चॅम्फरचं टोक आधी आत गेलं पाहिजे. उलटा गेला तर भोक खरवडतं आणि लिव्हर रिजेक्ट. सायकल टाईम ६ सेकंद, म्हणजे मिनिटाला २० बुश बरोब्बर दिशेने पुढे आले पाहिजेत.

आता अडचण बघा. चॅम्फरच्या टोकाचा व्यास भरतो १७.२ आणि दुसऱ्या टोकाचा १७.४. फरक फक्त ०.२ एमएम, म्हणजे दोनशे मायक्रॉन! त्यात कुठे बर (कापताना उचललेली धातूची कोर) राहिलेली, कुठे तेल.

मी काय काय केलं ते सांगतो. पहिल्यांदा बाऊल फिडरमध्येच, म्हणजे थरथरत एकेक पार्ट पुढे काढणाऱ्या वाटीतच, दिशा लावून घ्यायची म्हटलं, तर फिडरवाला म्हणाला एवढ्याशा फरकावर गॅरंटी देत नाही, आणि उलटे आलेले परत बाऊलमध्ये पाडायचे म्हटलं तर निम्मा माल परत पडणार, मग बाऊल दुप्पट मोठा घ्या. मग सेन्सरने टोकाचा व्यास मोजायचा विचार केला, पण ट्रॅकमध्ये बुश एवढा हलतो की दोनशे मायक्रॉन त्यातच बुडतात. मग कॅमेरा आणि त्याच्या पुढे १८० डिग्री फिरवणारं स्टेशन. हे चालतं, डेमोत बघितलं, पण बजेटच्या बाहेर जातं आणि फिरवायला वेळ जातो तो वेगळाच, कस्टमर एक रुपया वाढवायला तयार नाही.

तेव्हापासून रोज सकाळी नवीन असेंब्ली फाईल उघडतो, ठरवतो की आज वेगळं काहीतरी काढायचं, आणि तासाभराने बघतो तर स्क्रीनवर तेच, बाऊल, ट्रॅक, ओळखायचं स्टेशन, फिरवायचं स्टेशन. फक्त सिलेंडर इकडचा तिकडे. रात्री पडल्यावर पण डोळ्यासमोर बुशच फिरतो. साहेब काही बोलत नाहीत पण संध्याकाळी टेबलापाशी येऊन उभे राहतात, ते जास्त लागतं. खरं सांगतो, आपल्यातलं सुचणंच संपलं की काय असं वाटायला लागलंय.

तर प्रश्न दोन. या बुशचं काही सुचत असेल तर सांगाच. पण त्याहून जास्त मला हे विचारायचंय की असं डोकं बंद पडल्यावर तुम्ही नक्की काय करता?

---

कोल्हापूर_टूलरूम

भावा, आधी तो कॉम्प्युटर बंद कर. रागावून नाही सांगत, मनापासून सांगतोय. मी ३१ वर्षं टूलरूममध्ये काढली, शिरोली एमआयडीसीत, आणि अडकलेली पोरं मी जेवढी बघितली ती सगळी स्क्रीनसमोर अडकलेली. स्क्रीनवर बुश १८ एमएमचा पण दिसतो आणि झूम केला की बादलीएवढा पण दिसतो, हातात घेतल्याशिवाय तो काय चीज आहे ते कळत नाही.

तुझं वाचलं आणि मला राहवलं नाही. स्क्रॅपमधला एक रॉडचा तुकडा घेतला, लेथवर तुझ्या मापाचा बुश केला, एका टोकाला दीड बाय १५, दुसऱ्याला ०.३. मग डोळे मिटले, खिशात घातला, खिशातच दोन-चार वेळा फिरवला आणि अंगठ्याने ओळखायला लागलो कुठलं टोक कुठलं. दहापैकी दहा वेळा बरोबर! आता विचार कर, अंगठा काय व्यास मोजतो का? दोनशे मायक्रॉन अंगठ्याला काय कळणार. अंगठ्याला कळतो तो उतार. एका बाजूला धार लगेच लागते, दुसऱ्या बाजूला बोट घसरत जातं आणि मग अंग लागतं.

म्हणजे तू फरक आडवा शोधतोयस, तो आहे उभा.

आता हे कागदावर मांड. १७.७ चं भोक असलेली एक कडक रिंग घे. बुशचं टोक त्या रिंगमध्ये हलकं दाब. चॅम्फरचं टोक असेल तर १७.२ पासून १७.७ पर्यंत जायला, म्हणजे त्रिज्येत पाव एमएम, १५ डिग्रीच्या उतारावर बुश ०.९३ एमएम आत जाणार. उलटं टोक असेल तर १७.४ पासून १७.७, ४५ डिग्रीवर, फक्त ०.१५ आत जाणार. फरक झाला जवळजवळ पाऊण एमएमच्या वर. जिथे दोनशे मायक्रॉन शोधत होतास तिथे पावणेआठशे मिळाले, चौपट! एवढा फरक कुठलाही साधा सेन्सर ओळखतो, कॅमेरा लागत नाही. आणि बुश ट्रॅकमध्ये हलला तरी चालतो, कारण रिंग त्याला स्वतःच मध्यावर आणते.

हे काही मी फार मोठं केलं नाही. मी फक्त बुश हातात घेतला. तू तीन आठवड्यांत किती वेळा हातात घेतलास ते सांग.

---

सांगलीची_मेकॅनिकल

दादा, काकांची रिंग वाचून खरंच मजा आली, एक नंबर. मी फायनल इयरच्या मुलांना डिझाईन शिकवते, त्यामुळे तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर थोडं जास्त लिहिते, कारण तुमची ती एक ओळ, "तासाभराने बघतो तर स्क्रीनवर तेच", ही मला दरवर्षी चाळीस मुलांच्या तोंडून ऐकायला मिळते आणि प्रत्येकाला वाटतं की हे फक्त माझंच होतंय.

तुमच्यातलं काही संपलेलं नाही. याला नाव आहे, डिझाईन फिक्सेशन. १९९१ मध्ये डेव्हिड जॅन्सन आणि स्टीव्हन स्मिथ यांनी यावर प्रयोग छापले. एक प्रयोग असा होता की न सांडणारा कॉफीचा कप डिझाईन करा. काही जणांना सोबत एक नमुना दाखवला, त्यात स्ट्रॉ होता, आणि स्पष्ट सांगितलं की स्ट्रॉ वापरायचा नाही. तरी ज्यांनी तो नमुना बघितला होता त्यांच्या डिझाईनमध्ये स्ट्रॉ येतच राहिला! नको म्हणून सांगूनसुद्धा. आणि हे फक्त विद्यार्थ्यांचं नाही, त्यांनी कामावरचे इंजिनियर घेऊन पण बघितलं, तिथेही असंच दिसलं. तुम्ही पहिल्याच दिवशी बाऊल फिडर बघितलात. आता तोच तुमचा स्ट्रॉ झालाय.

यातून बाहेर पडायला मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट फार जुनी आहे. लॉरेन्स माइल्स म्हणून जनरल इलेक्ट्रिकमधले इंजिनियर, दुसऱ्या महायुद्धात ठरलेला माल मिळेना तेव्हा ते म्हणाले की वस्तू मिळत नसेल तर ती वस्तू जे काम करते ते काम मिळवू. त्यातून व्हॅल्यू ॲनालिसिस आलं. त्यांची पद्धत एवढीच की वस्तूचं नाव खोडायचं आणि एक क्रियापद आणि एक नाम, दोनच शब्दांत काम लिहायचं.

मी तुमच्या पोस्टवर करून बघितलं. तुम्ही शोधताय "बुश ओळखणं" आणि "बुश फिरवणं". ही झाली तुमच्या मशीनची कामं. पण बुश का ओळखायचा? चॅम्फर आधी जावा म्हणून. चॅम्फर आधी का जायला हवा? भोक खरवडू नये म्हणून. म्हणजे खरं काम आहे "भोक वाचवणं". आता "भोक वाचवणं" हे दोन शब्द कोऱ्या कागदावर लिहा आणि बघा, यात बुशची दिशा कुठे आलीय का? नाही आली! बुशवरचा तो उतार लिव्हरच्या भोकाच्या तोंडाला दिला तर? मग बुश कसाही येऊ दे. किंवा बुशच्या दोन्ही टोकांना तोच चॅम्फर. दोन्हीत ओळखायचं स्टेशन जातं, फिरवायचं जातं, उरतं नुसतं एकामागून एक बुश पुढे आणणं.

असेंब्ली सोपी करायची म्हणून जे शास्त्र बूथरॉइड आणि ड्यूहर्स्ट यांनी मांडलं त्यात हेच आहे, पार्ट एकतर पूर्ण सिमेट्रिक करा नाहीतर लांबून दिसेल एवढा अनसिमेट्रिक करा, अध्येमध्ये ठेवू नका. तुमचा बुश नेमका अध्येमध्ये आहे, दिशा आहे पण दिसत नाही. फिडरच्या दृष्टीने हा सगळ्यात वाईट प्रकार.

मुलांना मी एक नियम घालून दिलाय तो तुम्हालाही सांगते, बघा पटतो का. पहिले दोन दिवस ड्रॉइंगमध्ये एकही विकतची वस्तू काढायची नाही, सिलेंडर नाही, फिडर नाही, सेन्सर नाही. फक्त बाण आणि क्रियापदं. सुरुवातीला मुलं वैतागतात कारण कागद रिकामा दिसतो, पण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काहीतरी वेगळं येतंच, असा माझा अनुभव आहे.

---

चाकण_क्वालिटीवाला

ताई, मुद्दा शंभर टक्के बरोबर, पण दुसरी बाजू सांगतो कारण मी कस्टमरच्या बाजूला बसतो.

बुशच्या दोन्ही टोकांना चॅम्फर म्हटलं की पकड कमी होणार. आत्ता पकडीला २२ मधून दीड आणि ०.३ वजा जाऊन २०.२ एमएम मिळतात. दोन्हीकडे दीड केलं तर १९. प्रेस फिटची पकड लांबीच्या प्रमाणात असते, म्हणजे जवळपास ६ टक्के गेली. हे चालेल की नाही ते मशीन बनवणाऱ्याने ठरवायचं नाही, ते लिव्हर डिझाईन करणाऱ्याने ठरवायचं. लिव्हरच्या भोकाला उतार दिला तर मात्र नुकसान कमी, कारण बुश एक एमएम आतच बसतो, दीडचा उतार दिला तरी पकडीतला फार तर अर्धाच एमएम जातो. तेव्हा मागायचं असेल तर ते मागा.

पण मागितलं की मिळालं असं नसतं. ड्रॉइंग बदल, मग त्याची मंजुरी, मग नवीन सॅम्पल, पार्ट मंजुरीची कागदपत्रं (पीपॅप), पुढच्या कस्टमरची सही. यात महिने जातात आणि तुमची डिलिव्हरी थांबत नाही. त्यामुळे ताईंचा मार्ग विचारा जरूर, पण त्याच्या भरवशावर राहू नका. काकांची रिंग हातात ठेवा.

आता मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट. बुश बनतो कुठे? बहुतेक ट्रॉबवर (ऑटोमॅटिक लेथवर) किंवा सीएनसीवर, बारमधून. बारमधून पार्ट कापला जातो तेव्हा पुढचं टोक कुठलं आणि कापलेलं टोक कुठलं हे शंभर टक्के ठरलेलं असतं. प्रत्येक बुश एकाच दिशेने जन्माला येतो! मग तो कूलंटच्या ट्रेमध्ये पडतो, क्रेटमध्ये जातो, गोणीत भरतो आणि तुमच्याकडे येईपर्यंत दिशा हरवलेली असते. आधी फुकटात हरवायची आणि मग लाखभर खर्च करून शोधायची. तुम्ही व्हेंडरकडे एकदा तरी जाऊन आलात का? नसाल गेलात तर या आठवड्यात जा. मशीन डिझाईन करायला नाही, नुसतं बघायला.

शिगेओ शिंगोंचा १९६१ चा किस्सा आमच्या ट्रेनिंगमध्ये सांगतात, यामादा इलेक्ट्रिकमधला. छोट्या स्विचमध्ये दोन स्प्रिंगा टाकायच्या, कामगार कधीमधी एखादी विसरायचे आणि दर वेळी उपाय एकच, जरा लक्ष देऊन काम करा. शिंगोंनी सांगितलं की जोडायला घेण्याआधी दोन स्प्रिंगा एका बशीत काढून ठेवा, स्विच झाल्यावर बशीत एक उरली तर विसरलात. जिथे चूक होत होती तिथे त्यांनी काहीच केलं नाही, त्याच्या एक पाऊल आधी केलं. तुमच्या बुशचं पण मला तसंच दिसतंय.

---

नाशिक_ऑटोमेशन

वर सगळ्यांनी छान सांगितलंय, मी फक्त एक जोडतो. आल्टशुलर म्हणून सोव्हिएत इंजिनियर होते, त्यांनी ढिगाने पेटंट वाचून शोध लावायची ४० तत्त्वं काढली, ट्रिझ म्हणतात त्याला. त्यातलं १३ वं तत्त्व आहे उलटं करून बघा. अडकलो की मी चाळीसच्या चाळीस वाचत बसत नाही, हे एकच लावतो. हलणारं थांबव, थांबलेलं हलव, आतलं बाहेर, बाहेरचं आत. ताईंनी बुशवरचा चॅम्फर भोकावर नेला ते हेच झालं.

आणि दादा, तीन आठवडे रोज रात्री तेच डोळ्यासमोर येत असेल तर दोन दिवस सुट्टी घ्या. मी एकदा असंच ताणून धरलं होतं, शेवटी तब्येत गेली आणि प्रोजेक्ट दुसऱ्याकडे गेलं, त्याचं वाईट अजून वाटतं. साहेबांना सांगून घ्या, लपवून नको.

---

मुलुंड_ते_म्युनिक

मी इथे टेस्ट रिगवर काम करतो. सुचत नाही असं जेव्हा आपण म्हणतो तेव्हा माझ्या मते बऱ्याचदा सुचत असतं, पण करून बघायला फार महाग पडणार म्हणून मन त्याला दारातच अडवतं. तुम्ही लिहिलेले तिन्ही पर्याय बघा, एकही असा नाही जो तुम्ही संध्याकाळी घरी बसून करून बघू शकाल. प्रत्येकाला फिडर बनवून घ्या, कॅमेरा मागवा, कोटेशन घ्या. एका कल्पनेला आठवडा. मग तीन आठवड्यांत तीनच कल्पना होणार ना.

पॉल मॅकक्रेडींचं उदाहरण मला फार जवळचं आहे. माणसाने स्वतःच्या ताकदीवर विमान उडवून आठाच्या आकाराचा फेरा मारायचा, यासाठी १९५९ पासून क्रेमर बक्षीस लावलेलं होतं. चांगल्या चांगल्या टीम्स वर्षानुवर्षं प्रयत्न करत होत्या, सुंदर, घोटीव विमानं बनवायच्या, पडलं की दुरुस्तीला महिने. मॅकक्रेडींनी ॲल्युमिनियमच्या नळ्या, वर प्लास्टिकची फिल्म आणि तारा, असं काहीतरी बनवलं की पडलं तर चिकटपट्टी लावून थोड्या वेळात परत उडवता येईल. त्यामुळे बाकीच्यांचा वर्षात एखादा प्रयोग व्हायचा तिथे यांचे कितीतरी झाले. २३ ऑगस्ट १९७७ ला गॉसमर काँडॉरने बक्षीस घेतलं, पन्नास हजार पाउंडांचं, आणि पुढे १९७९ मध्ये त्यांच्याच दुसऱ्या विमानाने इंग्लिश खाडी पार केली. त्यांनी विमान नंतर डिझाईन केलं, आधी दुरुस्ती डिझाईन केली असं मी म्हणेन.

तेव्हा माझा सल्ला, काकांची रिंग उद्याच्या उद्या करा. कडक करायची पण गरज नाही पहिल्यांदा, साध्या एमएसची (मऊ स्टीलची) टर्न करा, खाली डायल गेज लावा, हाताने पन्नास बुश दाबून रीडिंग घ्या. दीड तासाचं काम आहे. चालली तर चालली, नाही चालली तर दीड तासात एक कल्पना निकालात निघाली, हे काय कमी आहे का.

---

भोसरीचा_डिझायनर

मंडळी, नऊ दिवसांनी लिहितोय, माफ करा. पण रिकाम्या हाताने यायचं नव्हतं.

काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. तीन आठवड्यांत मी बुश दोन वेळा हातात घेतला होता, एकदा सॅम्पल आलं तेव्हा आणि एकदा कॅमेऱ्याच्या डेमोला. तुमचं वाचल्यावर शॉपवर गेलो, आमच्या फिटरच्या टेबलावर बसलो आणि क्रेटमधले बुश घेऊन डोळे मिटून ओळखत बसलो. आमचे फिटर मामा शेजारी येऊन बसले, त्यांनी पण सुरू केलं. सात वर्षांत त्यांच्याशी डिझाईनवर एवढा वेळ मी पहिल्यांदा बोललो, त्याआधी ड्रॉइंग खाली पाठवायचो आणि काही जमलं नाही की ते वर यायचे, एवढंच.

रिंग त्याच संध्याकाळी केली, एमएसची. पन्नास बुश, प्रत्येक दोन्ही बाजूंनी, शंभर रीडिंग. ९७ ठिकाणी फरक एकदम साफ. तीन ठिकाणी गडबड, चॅम्फरचं टोक असून कमी आत गेलं. भिंगाखाली बघितलं तर तिन्हीवर उताराच्या कडेला बर उचललेली होती.

म्हणून चाकणवाल्या दादांचं ऐकून व्हेंडरकडे गेलो. छोटी शेड आहे, सहा ट्रॉब. मालकांनी खुर्ची दिली पण मी मशीनपाशीच उभा राहिलो. दादा म्हणाले तसंच. बार पुढे येतो, पुढच्या टोकाला चॅम्फर होतो, मागून कापला जातो, बुश टपकन ट्रेमध्ये. प्रत्येक बुश सारखाच पडत होता, चॅम्फर पुढे, कापलेली बाजू मागे. मी अर्धा तास नुसता बघत होतो. एवढे दिवस मी जे शोधत होतो ते तिथे दर काही सेकंदांनी आपोआप होत होतं.

मालकांना विचारलं की इथेच नळीत भरून देता येईल का. ते म्हणाले कापताना देता येईल हो, पण नंतर बर काढायला व्हायब्रोमध्ये, म्हणजे थरथरणाऱ्या टबमध्ये, टाकतो ना, तिथे सगळं परत एकत्र होतं. म्हणजे तो मार्ग बंद. निराश झालो नाही मात्र, कारण त्या तीन बुशांचं कोडं तिथेच सुटलं. व्हायब्रोचा वेळ घाईच्या दिवसात कमी केला जातो. वेळ पूर्ण द्या एवढंच ठरवून घेतलं, त्यांनी आढेवेढे न घेता मान्य केलं.

मग ताईंचं. कोऱ्या कागदावर "भोक वाचवणं" लिहून साहेबांच्या टेबलावर ठेवलं. साहेब बराच वेळ बघत बसले, मग म्हणाले कस्टमरला आपण विचारलंच नाही ना रे. दुसऱ्या दिवशी दोघं गेलो. त्यांच्या डिझाईनच्या माणसाला विचारलं की बुशला एकाच बाजूला चॅम्फर का. त्यांनी जुनं ड्रॉइंग काढलं. पूर्वी हातप्रेसवर माणूस बुश डोळ्याने बघून लावायचा, त्याला दिशेचा काही त्रासच नव्हता, एका बाजूला चॅम्फर पुरत होता, म्हणून एकाच बाजूला. बस एवढंच कारण. त्यानंतर कोणी विचारलंच नाही.

त्यांनी ४० लिव्हर ट्रायलला दिले. आमच्या लेथवर भोकांच्या तोंडाला दीड बाय १५ चा उतार दिला. लिव्हरला दोन भोकं, म्हणजे ८० बुश. मुद्दाम ४० सरळ घातले, ४० उलटे. प्रेसवर लोड सेल (दाब मोजणारा सेन्सर) लावला होता. सरळ आणि उलट्याच्या लोडमध्ये सांगण्यासारखा फरक आला नाही. पाच लिव्हर कापून भोकं बघितली, आतून स्वच्छ, एक ओरखडा नाही. कापलेला अर्धा लिव्हर माझ्या टेबलावर ठेवलाय, येता जाता बघतो.

मंजुरीला वेळ लागणार, दादा म्हणाले तसंच, त्यांनी तीन-चार महिने सांगितलेत. त्यामुळे मशीनमध्ये काकांची रिंग आणि फिरवायचं स्टेशन असणार, पण वेगळ्या प्लेटवर, चार बोल्टवर बसवलेलं. लिव्हरचं ड्रॉइंग बदललं की प्लेट काढायची आणि तिथे सरळ ट्रॅक टाकायचा. कॅमेरा गेल्याने बजेटमध्ये बसतंय. वेळेचं बोलायचं तर एका वेळी दोन्ही बुश शेजारी शेजारी ओळखून फिरवतोय आणि ते आधीची लिव्हर प्रेस होत असतानाच, त्यामुळे ६ सेकंदात बसतंय, कागदावर तरी.

आणि नाशिकवाले दादा, मध्ये दोन दिवस गावी जाऊन आलो. साहेबांना सांगूनच.

---

सांगलीची_मेकॅनिकल

दादा, "त्यानंतर कोणी विचारलंच नाही" हे वाक्य मी उद्या वर्गात वाचून दाखवणार आहे, चालेल ना? तुमचं नाव-गाव काही सांगत नाही. आणि जमलं तर त्या कापलेल्या लिव्हरचा फोटो टाका, मुलांना दाखवते.

---

भोसरीचा_डिझायनर

चालेल ताई, आनंदाने. फोटो कस्टमरला विचारून टाकतो.

---

कोल्हापूर_टूलरूम

शाब्बास भावा! फिटर मामांना माझा नमस्कार सांग.

आता रिंगचं नीट ऐक. एमएसची रिंग प्रॉडक्शनला ठेवू नको, मिनिटाला २० म्हणजे एका शिफ्टमध्ये नऊ हजारांच्या वर बुश तिच्यावर घासणार, दोन दिवसांत तोंड मोठं होईल आणि मग उलटा पण सरळ दाखवेल. डी-टू टूल स्टील घे, ५८ ते ६० एचआरसीपर्यंत हार्ड कर, मग भोक ग्राईंड करून १७.७ ला आण. तोंडाची धार मोडू नको, तीच तर काम करते, नुसता ऑईल स्टोन फिरव. आणि रिंग अशी बसव की उलटून लावता येईल, एक बाजू झिजली की दुसरी.

आणखी एक, बुश रिंगमध्ये दाबणारा सिलेंडर हलका ठेव, फार तर स्प्रिंगने दाब. जोरात दाबलंस तर बुश उतारावर अडकून बसू शकतो.

---

भोसरीचा_डिझायनर

काका, अडकण्याचं बरं झालं सांगितलंत, मी १६ एमएम बोअरचा सिलेंडर धरला होता. स्प्रिंग करतो. दोन्ही बाजूंनी वापरायचं डोक्यातच नव्हतं आलं, आत्ता लगेच ड्रॉइंग बदलतो, डी-टूचा तुकडा स्टोअरमध्ये आहे, उद्या सकाळी टर्निंगला टाकतो आणि मग हीट ट्रीटमेंटला. पहिली रिंग झाली की परत पन्नास बुशांची रीडिंग घेऊन इथे टाकतो.